कठड्यावरची दुसरी वही

पष्टे साहेबांच्या शर्टाच्या खिशात खडू असायचा. शाळेत असतो तसाच, पांढरा, अर्धा झिजलेला. त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे आतून पांढरे झाले होते आणि काकू कपडे धुताना रोज बोलायच्या, की माणूस पाण्याच्या खात्यातला आणि खिसा मास्तरचा. पेन मात्र ते नेहमी माझ्याकडून मागून घ्यायचे.

खडू कशाला लागतो ते आधी सांगतो. विहिरीत पाणी किती खोल आहे हे मोजायची एक जुनी पद्धत आहे. पोलादी मोजफितीच्या खालच्या दोन-तीन हातांना खडू फासायचा, टोकाला वजन बांधायचं आणि फीत विहिरीत सोडायची. कठड्यावर एक खूण ठरलेली असते. त्या खुणेशी फितीवर कुठला आकडा आला तो बघायचा, मग फीत वर ओढायची. खडू जिथवर भिजून काळा पडला तिथवर पाणी. एका आकड्यातून दुसरा वजा केला की पाण्याची खोली मिळते. आता पाण्याला टेकलं की वाजणारी यंत्रं आली आहेत. आम्हालाही एक मिळालं होतं. साहेब ते पिशवीतून न्यायचे आणि पिशवीतच परत आणायचे. म्हणायचे, ते नुसतं वाजतं, दाखवत नाही.

ते भूवैज्ञानिक. सगळी नोकरी जमिनीखालचं पाणी शोधण्यात गेली. निवृत्त झाल्यावर शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या टंचाई आराखड्यासाठी सरकारने त्यांना सल्लागार म्हणून नेमलं, आणि त्यांच्या हाताखाली दुसरा सल्लागार म्हणून मला. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेला, दोन खाजगी नोकऱ्या सोडून आलेला. धरणं आमच्याकडची आणि मे महिन्यात टँकरही आमच्याकडेच, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. तीन वर्षं आम्ही एसटीने, कधी जीपने आणि पुष्कळदा पायी, दोन्ही तालुके तुडवले.

रुजू झालो त्या दिवशी आम्हाला प्रत्येकी एक पत्र मिळालं होतं. मी त्यातली तारीख बघून घडी घातली. साहेबांनी मला शहापूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात नेलं, दोन कटिंग सांगितले आणि पत्रातल्या सगळ्या अटी मोठ्याने वाचल्या. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मला लाज वाटत होती. सातव्या अटीला ते थांबले. मुदत संपल्यावर दोन वर्षं, ज्या विषयावर सल्ला दिला त्या विषयाशी संबंधित खाजगी काम लेखी परवानगीशिवाय घ्यायचं नाही. इथे काम करताना जे कळलं ते बाहेर वापरायचं नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग चहा बशीत ओतत म्हणाले, "पहिल्याला मुदत आहे, दुसऱ्याला नाही. बघितलंस?"

मी हो म्हणालो. बघितलं नव्हतं.

त्यांची मोजणीची एक रीत होती. ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही. फीत वर आली की आम्ही दोघांनी आकडे बघायचे, पण बोलायचे नाहीत. त्यांनी त्यांच्या वहीत लिहायचं, मी माझ्या. मग दोन्ही वह्या कठड्यावर शेजारी शेजारी उघड्या ठेवायच्या. दोन बोटांहून जास्त फरक दिसला तर फीत पुन्हा विहिरीत. "आधी लिही, मग बोल," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. मी एकदा वैतागून विचारलं, की एवढ्याशा आकड्यासाठी दोन वह्या कशाला? ते म्हणाले, "मी साहेब, तू ज्युनियर. मी आकडा आधी बोललो की तुला तोच दिसणार. मुद्दाम नाही रे, डोळ्यांनाच दिसेल तसा."

पहिल्या महिन्यात एकदा आटगावच्या बाजूला एका विहिरीवर ऊन फार होतं. मी फितीकडे नीट बघितलंच नाही. साहेब लिहीत असताना तिरक्या नजरेने त्यांच्या वहीत डोकावलो आणि तेच उतरवलं. वह्या शेजारी ठेवल्या, आकडे तंतोतंत जुळले. साहेबांनी दोन्ही वह्या मिटल्या. मग म्हणाले, मी आज मुद्दाम हातभर चुकीचं लिहिलं होतं. एवढंच. रागावले नाहीत, कुणाला सांगितलं नाही. खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः आंब्याच्या सावलीत जाऊन बसले. मी एकट्याने फीत सोडली, ओढली, लिहिलं. परतताना ते काकूंनी दिलेल्या चटणीविषयी बोलत होते.

हा प्रसंग मी नंतर विनोद म्हणून लोकांना सांगायचो. आता सांगवत नाही.

साहेबांचं गाव टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या दिशेने. तिथे त्यांचा थोरला भाऊ भाताची शेती करायचा. त्याला विहीर खोदायची होती. घरातच पाण्याचा जाणकार, त्यामुळे भावाने गणपतीत सगळ्यांसमोर विषय काढला, की जागा दाखव. साहेबांना ती जागा माहीत होती. आम्ही त्याच शिवारात सरकारी पाहणी केली होती, नकाशा त्यांच्या डोक्यात होता. ते भावाला म्हणाले, पंचायतीत अर्ज कर, नंबर लागेल तसा माणूस येईल. भाऊ आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हा खरंच बोलतोय. त्यानंतर वर्षभर भावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाजारात, लग्नात, जिथे भेटेल तिथे लोकांना सांगायचा, "आमचा भाव पान्याचा डाक्टर हाय. नि आमी घरातली मानसं तानलेली." साहेब तिथेच उभे असले तरी सांगायचा. साहेब मान डोलवायचे, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

शेवटी भावाने अर्ज केला. नंबर लागला तेव्हा साहेबांनी मला पाठवलं. आले तेही, पण बांधाच्या पलीकडे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, मी जागा ठरवेपर्यंत वळले नाहीत. वहिनींनी घरातून चहा आणला तर तो माझ्यासाठी एकच कप. साहेबांना बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "भावजी, असा शिक्षा भोगल्यासारखा काय उभा ऱ्हायलात?" साहेब पाठमोरेच म्हणाले, "वहिनी, माझा चेहरा बघून तो जागा ओळखेल. म्हणून."

विहिरीला पाणी लागलं. भाऊ पुन्हा बोलायला लागला. टोमणा मात्र त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

आमची मुदत एकाच दिवशी संपली. साहेबांनी स्वतःच्या सगळ्या वह्या, नकाशे, पेन्सिलीने केलेली टाचणं कार्यालयात जमा केली आणि पोच घेतली. वाजणारं यंत्रही दिलं, जवळजवळ कोरं. मीही जमा केलं. पण त्याच्या आदल्या दिवशी मी टोकावड्याच्या बाजूच्या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. कशासाठी, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. आठवण म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. जमिनीखालच्या खडकात जिथे भेगा आहेत, जिथून पाणी वाहतं, त्या भेगा त्या नकाशावर निळ्या रेघांनी काढलेल्या होत्या. त्यातली एक रेघ एका टेकडीच्या उतारावरून खाली येऊन कातकऱ्यांच्या वाडीतल्या विहिरीशी थांबत होती. त्या रेघेवर साहेबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, उतारावर बोअर नको. वाडीला दुसरं पाणी नाही.

मुदत संपून महिनाही झाला नसेल, त्या उतारावरची जमीन घेतलेल्या एका शेतघरांच्या कंपनीचा मॅनेजर, शिर्के नावाचा, साहेबांच्या घरी आला. मी तिथेच होतो. कंपनीला मानद सल्लागार हवे होते, गाडी पाठवू म्हणाला, महिन्यातून एकदा आलं तरी चालेल. साहेबांनी त्याला बसवलं, काकूंना चहा सांगितला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन पानं उलटायला लागले. मग म्हणाले, अजून सातशे तीन दिवस आहेत. शिर्के हसला. म्हणाला, कागद असतात हो साहेब, कोण बघतंय? "मी बघतोय ना," साहेब म्हणाले. "आता तर मी रिकामाच आहे. दुसरं काय करू?"

आणि खरं सांगायचं तर शिर्के चिकट माणूस. दोन वर्षं पुरी झाली त्याच आठवड्यात तो पुन्हा आला. यावेळी पेढे घेऊन, बंदीची मुदत संपल्याबद्दल. साहेबांनी पेढा खाल्ला. तो काय म्हणतो ते शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "दोन वर्षांत खाली दगड बदलला का?"

शिर्केला कळलं नाही. साहेबांनी समजावलं नाही. पेढ्यांचा पुडा मात्र ठेवून घेतला, काकूंना आवडतात म्हणून.

पण तोपर्यंत शिर्केला त्यांची गरज उरलेली नव्हती. तो सवयीने आला होता. कारण दीड वर्षापूर्वीच त्याने मला गाठलं होतं.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही असेल तर ते एवढंच, की मी परवानगी मागितली. नियमात तसं होतं. अर्जाचा एक नमुना होता. त्यात कामाचं स्वरूप लिहायचं, पूर्वीच्या सल्ल्याशी संबंध आहे की नाही ते लिहायचं, आणि बरोबर काम केलेल्या एका ज्येष्ठ सल्लागाराचा अभिप्राय जोडायचा. कामाच्या स्वरूपात मी लिहिलं, फळबागा आणि शेतघरांच्या आवाराचं नियोजन. शिर्केला माझ्याकडून काय हवं होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. संबंधाच्या रकान्यात मी लिहिलं, नाही. आणि अभिप्रायासाठी तो कागद घेऊन साहेबांच्या घरी गेलो.

ते अंगणात पायरीवर बसून जुनी फीत तेल लावून पुसत होते. चष्मा कपाळावर. कागद हातात घेतला, पूर्ण वाचला. मला वाटलं आता म्हणणार, चल, जागा बघून येऊ. ती त्यांची सवयच होती, बघितल्याशिवाय ते कुठल्याही कागदाला हात लावायचे नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दिलीप, संबंध नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि सही केली.

फितीला खडू फासल्याशिवाय ज्यांचा कशावर विश्वास नव्हता, त्या माणसाने माझ्या एका शब्दावर सही केली. मी त्याबद्दल खूप विचार केला आहे. तीन वर्षं माझी वही त्यांच्या वहीशी जुळत गेली होती, त्यामुळे त्यांना मी मोजलेला माणूस वाटलो असणार. त्यांची चूक झाली ती एवढीच.

परवानगी आली. मी कंपनीत लागलो. पिण्याच्या विहिरीपासून ठरावीक अंतरात बोअर घ्यायला बंदी आहे. ते अंतर मी स्वतः मोजून घेतलं आणि त्याच्या जरासं पलीकडे, उतारावर, मोबाइलमधल्या निळ्या रेघेवर बोट ठेवून जागा दाखवली. कायद्याने सगळं बरोबर होतं. अंतर नियमात बसत होतं, पण भेग अंतर ओळखत नाही, आणि हे ओळखणारी दोनच माणसं होती. बोअरला पाणी भरपूर लागलं. शिर्केने माझी पाठ थोपटली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गेलं.

साहेब मुदत संपल्यावरही विहिरी मोजत फिरतात हे मला माहीत होतं. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, पूर्वीसारखंच. कुणी विचारलं तर म्हणायचे, विहिरीत फीत सोडायला खुर्ची लागत नाही, कुठलाही माणूस सोडू शकतो. एसटीने टोकावड्याला उतरायचे, पिशवीत फीत, डबा आणि दुकानातून विकत घेतलेल्या साध्या चाळीस पानी वह्या. त्या वाडीच्या विहिरीवरही जायचे. तिथली बुधीबाय त्यांना फीत सोडायला मदत करायची. वाडीतल्या बहुतेकांसारखी तीही दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, पण एक म्हातारी सासू मागे असल्याने अधूनमधून परत यायची. साहेबांची थट्टा करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पूर्वी एकदा, सरकारी पाहणीला मी बरोबर असताना, म्हणाली होती, "सायब, तुमी रोज पान्याला गल टाकताव, मासा एक बी नाय गावला."

बोअर झाल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात विहिरीचं पाणी नेहमीपेक्षा खाली गेलं. दुसऱ्या वर्षी मार्चमध्येच पाणी तळाला गेलं. पाऊस दोन्ही वर्षं बरा झाला होता. दगड बदलला नव्हता.

एका रविवारी सकाळी साहेब माझ्या घरी आले. माझ्या घरी ते पूर्वी कधी आले नव्हते. बायकोने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, उतारावर मोटर चालते, मी आवाज ऐकला. ते म्हणाले, जागा कुणी दाखवली ते मी विचारत नाही, आणि तूही आत्ता सांगू नकोस. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी माझ्या सहीचं लिहून कार्यालयात दिलंय. काय लिहिलंय ते तुला सांगणार नाही. तू तुझ्या सहीचं लिही. मग दोन्ही शेजारी ठेवू."

मी त्यांना म्हणालो, साहेब, थोडा वेळ द्या. ते म्हणाले, वेळ मी कोण देणार, पाणी उतरतंय. आणि गेले. चहा राहिला. बायकोने विचारलं काय झालं, तर मी सांगितलं, जुन्या कामाचे कागद हवे होते.

मी लिहिलं नाही. सुरुवात केली पुष्कळदा. मला काळ्या यादीत जायचं नव्हतं, माझी परवानगी रद्द व्हायला नको होती, पन्नाशीच्या तोंडावर पुन्हा काम शोधायचं नव्हतं. यातलं काहीच खोटं नाही आणि यातलं काहीच पुरेसं नाही. कंपनीच्या जीपमधून जाता-येता वाडी दिसायची. उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला टँकरची वाट बघत बसलेल्या असायच्या. मी ड्रायव्हरला म्हणायचो, एसी लाव. काच वर जायची.

साहेब डिसेंबरात गेले, झोपेत. मला दोन दिवसांनी कळलं. दहाव्याला गेलो. भाऊ दारात बसला होता, त्याने मला ओळखलं आणि बाजूला सरकून जागा दिली. आत काकू होत्या. त्या म्हणाल्या, "ते तुझी वाट बघत होते, असं मी म्हणणार नाही. पण फाटक वाजलं की बघायचे." मग त्यांनी विचारलं जेवून जाणार का, आणि मी जेवून आलो.

त्या आठवड्यात मी लिहिलं. दोन पानं झाली. त्यात फोटोचं लिहिलं, रकान्यातल्या 'नाही'चं लिहिलं, पायरीवर त्यांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं तेही. राजीनाम्याची प्रत जोडली आणि कार्यालयात नेऊन दिलं. तिथे आता एक तरुण अधिकारी बाई आहेत, साहेबांना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांनी फाइल मागवली, त्यातून साहेबांचं पत्र काढलं आणि माझ्या पत्राशेजारी टेबलावर ठेवलं. मला वाचायला दिलं.

साहेबांचं पत्र चार ओळींचं होतं. अभिप्राय देण्याआधी जागा पाहणं माझं काम होतं, मी जागा न पाहता सही केली. ही चूक सर्वस्वी माझी आहे, तिची योग्य ती दखल घ्यावी. संबंधित सल्लागार आपलं म्हणणं स्वतंत्रपणे देतील, म्हणून त्यांच्याविषयी मी काही लिहीत नाही. खाली सही, आणि सहीजवळ खडूचं एक पुसट बोट उमटलेलं.

अधिकारी बाईंनी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. म्हणाल्या, "ते म्हणतात चूक सगळी त्यांची. तुम्ही म्हणता सगळी तुमची. हे जुळत नाही. मी कुठलं धरू?"

साहेब असते तर त्यांना माहीत असतं काय करायचं. मी एवढंच म्हणालो, की जागेवर जाऊन बघा. पुन्हा मोजा.

त्या येऊन बघून गेल्या. कंपनीने अंतराचा नकाशा पुढे केला. चौकशी चालू आहे, मलाही बोलावलं आहे, माझं जे व्हायचं ते होईल. हे लिहीत असताना बोअर अजून चालू आहे.

जानेवारीची मोजणी कुणी करणार नव्हतं, म्हणून मी टोकावड्याला उतरून वाडीवर गेलो. बुधीबाय त्या दिवशी घरी होती. मला बघून तिने 'या' म्हटलं नाही. मी म्हणालो, पाणी मोजायचंय. ती आत गेली आणि साहेबांची पिशवी घेऊन आली. शेवटच्या खेपेला ते ती तिच्याकडेच ठेवून गेले होते, पुन्हा यायचंच आहे म्हणून. पिशवीत फीत होती, खडूचे तुकडे होते आणि दोन वह्या. एका वहीवर त्यांचं नाव. दुसरीवर त्यांच्याच अक्षरात माझं. मी माझी वही उघडली. प्रत्येक पानावर तारीख घातलेली होती, मोजणीच्या प्रत्येक खेपेची. तारखेपुढे काही नव्हतं.

मला एकदम गेल्या मे महिन्यातला तो दिवस आठवला. मी साहेबांना शेवटचं पाहिलं तो. मी कंपनीच्या जीपमध्ये होतो आणि रस्त्यावर आडवी म्हैस बसली होती, म्हणून ड्रायव्हर थांबला. समोर वाडीची विहीर. साहेब कठड्याला पोट टेकून वाकलेले, टोपी मागे सरकलेली, फीत ओढत होते. पलीकडे बुधीबाय. त्यांनी फितीचं टोक उन्हात धरून बघितलं, वहीत लिहिलं आणि वही कठड्यावर ठेवली. तिच्याशेजारी आणखी एक वही उघडी होती, वाऱ्याने पान उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवलेला. दुसरी वही कशाला, असं माझ्या मनात येऊन गेलं. त्यांनी रस्त्याकडे बघितलं. जीप ओळखली की नाही, मला सांगता येणार नाही. मी दाराच्या कडीवर हात ठेवला होता. म्हैस उठली. मी ड्रायव्हरला म्हणालो, चल.

मी बुधीबायला विचारलं, मे महिन्यात रस्त्यावर जीप थांबली होती, त्या दिवशी तू होतीस ना इथे? ती म्हणाली, होती. फितीला खडू फासत मी विचारलं, पाणी किती खाली होतं, साहेब काही बोलले होते का?

"मी इचारला ना, सायब, किती गेला पानी," ती म्हणाली. "तं बोलला नाय. म्हनला, थांब जरा. दुसऱ्याचा लिहून व्हायचा हाय. नि उभाच ऱ्हायला, उन्हात."